सुई बघणारा

"मारा किक, कंपाउंडरसाहेब! अकरा वाजून गेले," इमारतीचा सेक्रेटरी म्हणाला आणि हातातली वही त्याने उन्हासाठी डोक्यावर धरली.

नियम त्यानेच काढला होता. जी गाडी सगळ्यांसमोर जागच्या जागी चालू होईल ती आवारात राहील, नाही झाली तर भंगाराच्या टेम्पोत. दोन सायकली आणि कुणाची तरी बाबागाडी सकाळीच टेम्पोत चढली होती. बाबागाडी चालू कशी करून दाखवायची, हे तिच्या मालकाला सुचलं नव्हतं. आता राहिली होती फक्त कंपाउंडरची पाचशे सीसीची मोटरसायकल, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी.

कंपाउंडर म्हणजे चष्म्यासकट पंचेचाळीस किलोंचा ऐवज. जन्म दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधण्यात गेला. पण चौतीस वर्षं हा माणूस इमारतीमागच्या बोळातून त्या धुडावर असा धडधडत बाहेर पडायचा की लोक आदराने बाजूला व्हायचे. एवढासा जीव, पण पायात काय ताकद!

खरं सांगायचं तर त्याने त्या गाडीला जन्मात किक मारली नव्हती. किक बायको मारायची. तो स्टँडवरच्या गाडीवर बसून डाव्या हाताने छोटा दांडा दाबायचा, म्हणजे इंजिनात कोंडलेली हवा सुटायची. डोळे हँडलवरच्या सुईवर. ती पायाने किक हळूहळू खाली रेटायची. सुई बरोबर मध्ये आली की तो दांडा सोडून म्हणायचा, "हं." मग ती एकच दणका द्यायची. गाडीची काय बिशाद होती नाही म्हणायची! मग ती मागच्या सीटवर बसायची आणि वाटेत बाजारापाशी उतरायची. बोळातली ही किक कुणाला दिसत नसे, आणि लोकांचा गैरसमज दूर करायची कंपाउंडरलाही काही घाई नव्हती.

बायको जाऊन चौदा महिने झाले होते. तेवढेच महिने गाडी ताडपत्रीखाली होती. रोज सकाळी तो ताडपत्री उचलायचा आणि किकचं रबर पुसायचा. त्या रबराला तिच्या पावलाने खळगा पडला होता. टेम्पोत नुसती गाडी जाणार नव्हती.

त्याने त्या खळग्यात पाय ठेवला. पाय लहान पडला. जोर लावला, तर चप्पल सुटून थेट पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत.

"हा प्रयत्न धरायचा का?" सेक्रेटरीने वही उघडली.

दुसऱ्या वेळी त्याने दांडाही दाबला, किकही मारली आणि सुईही बघितली. तिन्ही एकदम, म्हणजे एकही धड नाही. किक उलटी आली. पंचेचाळीस किलो हवेत उडाले आणि सेक्रेटरीच्या स्कूटरवर उतरले. स्कूटर आडवी झाली, तिचा हॉर्न अडकला तो बंदच होईना.

"माझी स्कूटर!" सेक्रेटरी किंचाळला.

"चालू आहे, लिहून घ्या," वरून कुणीतरी म्हणालं.

कंपाउंडर उठला, चष्मा सरळ केला. "सेक्रेटरीसाहेब, मला किक मारता येत नाही. ही मारायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी सुई बघायचो."

आवारात हशा पिकला. तेवढ्यात तळमजल्यावरच्या टेलरबाई गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर आल्या.

"त्यात दात काढण्यासारखं काय आहे? माझी खिडकी बोळातच उघडते. चौतीस वर्षं बघतेय मी." मग त्या कंपाउंडरकडे वळल्या. "बसा गाडीवर."

"अहो, तुम्हाला झेपायची नाही."

"जन्मभर पायमशीन चालवलंय मी. आणि शिकवलंय मला तुमच्या बायकोने. म्हणायची, मी आजारी पडले तर ह्यांना दवाखान्यात कोण धाडणार?"

"कधी शिकवलं?"

"रविवारी दुपारी. तुम्ही घोरत असायचात. चावी तुमच्या खिशात, त्यामुळे नुसता पाय बसवायचो. आता मुकाट सुई बघा."

कंपाउंडर चढून बसला. दांडा दाबला. किक हळूहळू खाली जाऊ लागली. सुई हलली, थरथरली, मध्ये आली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मध्ये आली की नाही?" बाई खेकसल्या.

"हं," तो म्हणाला.

एक दणका. गाडी खोकली, काळा धूर सेक्रेटरीच्या पांढऱ्या शर्टावर सोडला आणि धडधडू लागली. खिडक्यांच्या काचा वाजल्या. टाळ्याही वाजल्या. सेक्रेटरीने तोंड वाकडं करून वहीत 'चालू' लिहिलं.

"माझं काम पडलंय," म्हणून टेलरबाई आत गेल्या.

कंपाउंडरने गाडी स्टँडवरून उतरवली, क्लच दाबला, पाय गिअरवर ठेवला.

"आता एक चक्कर मारा की!" वरून आवाज आला.

"हो, निघतोच," तो म्हणाला.

मागच्या सीटची स्प्रिंग करकरून खाली बसली की मगच गिअर टाकायचा, ही पायाची जुनी सवय. पाय तसाच गिअरवर होता. कंपाउंडर समोर बघत, क्लच दाबून थांबला होता.