इंद्रजीतचा स्ट्रगल

राजेंद्र सरांच्या औरंगपुऱ्यातल्या क्लासमध्ये एकवेळ नापास झालेला पोरगा चालायचा, पण स्ट्रगल नसलेला चालायचा नाही. सर इंग्रजी शिकवायचे आणि त्यांचा सगळा जीव या एकाच क्रियापदावर. कशाशी तरी झुंजणं हाही स्ट्रगल, कशासाठी तरी धडपडणं हाही स्ट्रगल, आणि साधीसुधी गोष्ट करताना जीव मेटाकुटीला येणं हा तिसरा. "हा तिसरा अर्थ पोरांना समजतच नाही," सर हळहळायचे.

इंद्रजीत तलाठी झाला आणि सत्कारात मुख्य भाषण त्याचं ठरलं. शिवाय क्लासच्या फ्लेक्सवर मोठा फोटो.

"तुझा स्ट्रगल काय?" सरांनी विचारलं.

इंद्रजीतनं डोकं खाजवलं. पिशोरला बापाची अद्रकीची बागायती. रोज सकाळी आई सारजाबाई डबा बांधायची, गावचे पुंडलिककाका आपल्या काळीपिवळी जीपमधून तो शहरात आणून रूमवर पोचवायचे. भाकरी, ठेचा, लोण्याचा गोळा. "उन्हाळ्यात रूमवर कूलर नव्हता, सर."

"कूलरवर टाळ्या पडतात का? मागच्या वर्षीचा पोरगा मंदिरात झोपून शिकला होता."

"खरंच?"

"घर समोरच होतं. पण झोपला होता ना एकदा!" सरांनी स्वतःच भाषण लिहून दिलं. "उपाशी राहिलास असं बोल. नाही तर तुझ्याच बॅचचा सार्थक तयारच आहे, फोटोही त्याचाच लावू."

भाषणात असंच बोलतात, आईला कळेल ते, अशी इंद्रजीतनं मनाची समजूत घातली. सार्थकचा फोटो मात्र त्याला सोसवणार नव्हता.

सत्काराला पिशोरची बरीच मंडळी आली. सारजाबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि शेजारी पुंडलिककाकांना बसवलं. लेकाच्या यशात डबा आणणाऱ्याचाही वाटा म्हणून त्यांनी हट्टानं सरांना काकांच्या खांद्यावरही शाल घालायला लावली होती.

फेटा सावरत इंद्रजीत उभा राहिला. "कित्येक दिवस मी अन्नाचा कण पाहिला नाही. पाणी प्यायचो आणि झोपायचो." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सरांनी रुमाल काढला.

सारजाबाई ताडकन उठल्या. लेकाकडं त्यांनी पाहिलंही नाही, वळल्या त्या शेजारी. "पुंडलिकभाऊ, मंग माझा डबा कुठं जात व्हता?"

"वैनी, देवाशप्पत! याच्या हातात देत व्हतो."

"मंग लेकरू उपाशी कसं ऱ्हायलं? लई इस्वास टाकला व्हता तुमच्यावर!"

गावची माणसं कुजबुजू लागली. कितीतरी घरांचे डबे त्याच गाडीतून यायचे. काकांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि दाराकडं निघाले.

"चालू ठेव," सर मागून पुटपुटले, "लई ओरिजिनल येतंय!"

इंद्रजीतला बोलायचं होतं, पण वाक्य बाहेर पडेना. चार शब्दांचं वाक्य, तेही मायबोलीतलं. दोनदा त्यानं माईक तोंडाशी नेला, दोनदा खाली घेतला. एकीकडं फ्लेक्स, दुसरीकडं दाराशी पोचलेली ती वाकलेली पाठ. सरांचा तिसरा अर्थ त्याला आज बरोबर समजला.

"आई, डबा मीच खाल्ला!" शेवटी तो ओरडलाच. "रोज खाल्ला. काकांनी एक दिवस चुकवला नाही."

सारजाबाई मटकन खाली बसल्या. "खाल्ला ना? मंग चार मानसांत मला लेकरू उपाशी ठेवनारी आई कशाला केली रे?"

सारजाबाई उठून दाराशी गेल्या, काकांपुढं हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या वैनी," काका म्हणाले. "चला, गाडी काढतो."

सरांनी भाषणाचा व्हिडिओ 'पाणी प्यायचो' इथवर कापला आणि संध्याकाळी यूट्यूबवर टाकूनही दिला. लोकांना फार आवडला.

इंद्रजीत आईमागोमाग फेटा काखेत मारून गाडीपाशी आला आणि सवयीनं काकांशेजारचं दार उघडलं. लहानपणापासून त्याची तीच जागा. काकांनी त्याच्याकडं न पाहता सीटवरचे रिकामे डबे नीट लावले.

"मागं बस," ते म्हणाले. "पुढं डबे असत्यात."