परराष्ट्रमंत्र्यांची माफी

बेकरीवाल्याला सारी गल्ली परराष्ट्रमंत्री म्हणायची आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. सकाळी भट्टीतून पहिले ट्रे निघाले, की गिऱ्हाइकाच्या हातात गरम पाव आणि कानात गरम बातमी एकदमच पडे. "बड्या देशांचं काय जातंय? इकडेही बंदुका विकायच्या, तिकडेही विकायच्या आणि शांततेची परिषद भरली की पहिल्या रांगेत जाऊन बसायचं," असं म्हणत तो पाव कागदात गुंडाळी. संसदेत नुसता गोंधळ चालतो आणि त्या गोंधळातच चर्चा न होता कायदे होतात, याचा त्याला भारी राग. निवृत्त पोस्टमास्तर तर त्याच्याशी हुज्जत घालायला मिळावी म्हणून एका पावासाठी दोन फेऱ्या मारायचे.

बायको गल्ल्यावर बसायची. "अहो, जगाचं भांडण मागाहून मिटवा, आधी या ताईंचे टोस्ट द्या," असं ती रोज म्हणे.

"अगं, ते मिटलं नाही तर टोस्ट खायला उरणार कोण?"

गिऱ्हाइकं हसत. तिला मात्र वाटे, देवा, या माणसाची टकळी एक दिवस तरी बंद पडू दे.

त्या सकाळी सीमेवर चकमक झाल्याची बातमी होती. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातला टीव्ही केकाटत होता. त्या दुकानाचे मालक म्हणजे गल्लीच्या समितीचे अध्यक्ष. पाव घ्यायला आले आणि म्हणाले, "आता घुसून एकदाचा सोक्षमोक्षच लावला पाहिजे."

"घुसणार कोण, शेठ? तुम्ही का तुमचा मुलगा?" बेकरीवाला सुटला. "ज्याला लढाई हवी त्याने आधी घरचं माणूस धाडावं. पलीकडेही कुणी बेकरीवाला असेलच की, त्यानेही आज भट्टी पेटवली असेल. आपल्या सरकारला विचारा, बोलणी का तोडली? मी मत दिलंय, तोंड गहाण नाही टाकलेलं."

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. दुपारपर्यंत घराघरांत पोचलं. पुढचं-मागचं कापून सीमेपलीकडच्या बेकरीवाल्याचं वाक्य तेवढं ठेवलं होतं.

आता या गल्लीची एक रीत होती. कुणी असं वावगं बोललं, की त्याला चौकातल्या सिमेंटच्या ओट्यावर उभं करायचं. त्याने कान धरायचे, अध्यक्षांनी सांगितलेली वाक्यं मागून म्हणायची आणि घरटी एका माणसाने समोर उभं राहून ते मोबाइलवर घ्यायचं. याला ओट्यावर चढवणं म्हणत. चढला नाही, तर त्या घराशी कुणी व्यवहार ठेवायचा नाही. शिकलीसवरली, सकाळ-संध्याकाळ देव पूजणारी माणसं हे करत होती आणि त्याला देशप्रेम म्हणत होती. बेकरीवाल्याच्या बायकोनेही दुसऱ्यांचे असले व्हिडिओ पाहिले होते, कधी हसलीही होती.

बेकरीवाला चढायला तयार होईना. मग गल्ली आपल्या कामाला लागली. संध्याकाळचे पाव ट्रेमध्येच वाळले. मैदा पोचवणारा टेम्पो वळून निघून गेला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कूस बदलून देणारी, अंग पुसणारी बाई दारातूनच म्हणाली, "वहिनी, मला चार घरची कामं आहेत. माझा नाइलाज आहे." दोन दिवसांत म्हातारीच्या पाठीला जखम झाली. बायको एकटी तिला उचलू शकत नव्हती आणि तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं.

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणून टाका ना काय ते. शब्दच आहेत. तुमच्याकडे काय शब्दांना तोटा आहे?"

त्याने हातातला ट्रे खाली ठेवला. "तू सांगतेस?"

"हो, मी सांगते. आईंकडे बघा जरा."

तो चढला. अख्खी गल्ली गोळा झाली होती. अध्यक्ष सांगत गेले, तो मागून म्हणत गेला. "मी मूर्ख आहे. मला देशातलं काही कळत नाही. यापुढे मी तोंड उघडणार नाही." पोस्टमास्तरही समोर उभे होते. मोबाइल पुढे धरून त्यांनी नजर मात्र जमिनीकडे वळवली होती.

गिऱ्हाइकं परत आली, काम करणारी बाईही आली. जखम भरत चालली. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला आणि इथेच ती फसली.

कारण बेकरीवाला बोलेनासा झाला. पाव मोजून द्यायचा, सुटे पैसे परत करायचा, बस्स. "काय मंत्रीमहोदय, काय म्हणतंय जग?" असं कुणी डिवचलं तरी हूं नाही की चूं नाही. पूर्वी आईला भरवताना तो तिला सगळ्या बातम्या सांगायचा. आता नुसताच घास पुढे करी. म्हातारीने सुनेला हळूच विचारलं, "तो माझ्यावर रागावलाय का गं?" सुनेने तिची चादर सारखी केली.

एका दुपारी तिने मुद्दाम खोटंच सांगितलं. "अहो, ऐकलंत का, बातम्यांतल्या त्या दोन लढणाऱ्या देशांचा तह झाला म्हणे. आपल्याच सरकारने घडवून आणला." एरवी अशा थापेवर तो तुटून पडला असता. तो साचे खरवडत राहिला.

"अहो, खोटं सांगितलं मी. कळलं नाही तुम्हाला?"

"मला देशातलं काही कळत नाही," तो म्हणाला आणि पुढचा साचा घेतला.

ती भट्टीच्या आडोशाला जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. हात तर तिनेच धरला होता, ओट्यापर्यंत तिनेच नेलं होतं.

महिन्याभरात बालवाडीच्या बाईंची पाळी आली. तरुण पोर. तिने पालकांच्या सभेत विचारलं होतं, "परदेशाला मदतीची जहाजं धाडणाऱ्या सरकारला आपल्या दवाखान्यात एक डॉक्टर धाडता येत नाही का?" झालं. देशाची नाचक्की केली म्हणून समितीने निरोप फिरवला, घरटी एक माणूस पाठवा.

बेकरीच्या घरून बायको गेली. बाई ओट्यावर उभ्या होत्या, हात अजून खालीच होते, ओठ पांढरेफटक पडले होते. अध्यक्षांनी पहिलं वाक्य सांगितलं. तेवढ्यात बेकरीवाल्याची बायको गर्दीतून वाट काढत ओट्यावर चढली.

"वहिनी, तुमचं काय काम?" अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या घरची माफी झालीय. तो विषय संपला."

"नाही संपला. ती माफी मी परत घ्यायला आले आहे." तिचा आवाज चिरकत होता. तिने कधी चार माणसांपुढे तोंड उघडलं नव्हतं. "माझा नवरा मूर्ख नाही. त्यांना सगळं कळतं. लढाई हवी त्याने घरचं माणूस धाडावं, हे ते म्हणाले, ते खरंच आहे. सरकारला विचारायचं नाही तर कुणाला विचारायचं? मला काही फार कळत नाही, पण मतदानाला बोटावर शाई माझ्याही लागते. त्यांना इथे मीच चढवलं. दोन मिनिटांचा प्रश्न आहे, असं मीच म्हणाले. माझ्या घरात माणूस उरला नाही हो."

"परिणाम माहीत आहेत ना?"

"भोगून झालेत. आता या बाईंनी डॉक्टरचं विचारलंय, त्याचं उत्तर द्या. मग मी उतरते."

अध्यक्ष समितीच्या माणसांकडे बघू लागले. एकेक मोबाइल खाली आला, कारण हा व्हिडिओ कुणालाच नको होता. पोस्टमास्तर मान खाली घालून घराकडे वळले. तिच्याशेजारी ओट्यावर मात्र कुणीही चढलं नाही. बाईंनी त्या दिवशी कान धरले नाहीत, एवढंच झालं.

आज सकाळी बेकरीत पावांची चळत तशीच आहे. काम करणारी बाई आलेली नाही. आत म्हातारी कण्हते आहे. बायकोने घडलेलं सगळं नवऱ्याला सांगितलं. "बोला ना काहीतरी," ती विनवते आहे. "चिडा माझ्यावर, शिव्या द्या, पण बोला." तो काउंटरपाशी येऊन तिच्या शेजारी उभा राहिला आहे, बोलत मात्र नाही. तो पुन्हा बोलेल की नाही, हे तिला ठाऊक नाही. समोरून माणसं पलीकडच्या कडेने, मोबाइलमध्ये डोकं खुपसून निघून जात आहेत. वाचकहो, त्या माणसांत तुम्ही आहात आणि मीही आहे. रस्ता ओलांडून तिच्याकडे एक पाव मागायला आपल्याला कुणाची परवानगी लागते?