व्हेनिसला आपलं कोणी नाही

कोसिमो न्हाव्याकडे दाढी करायला गेला आणि आमची सहल गावभर वाटून आला.

मी त्याला बजावलं होतं, की तिकिटं हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि पडल्यावर तर मुळीच नाही. पण माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. गालाला फेस लावून खुर्चीत बसल्या बसल्या त्याने सांगून टाकलं, की सप्टेंबरात तो आणि तेक्ला, म्हणजे मी, आगगाडीने फिरायला निघालोत: नेपल्स, फ्लोरेन्स, बोलोन्या, व्हेनिस. तो गुळगुळीत गाल घेऊन घरी पोचला तोवर माझा फोन तापला होता.

पहिला फोन तुरिनहून, आत्तेसासूबाईंचा. "इतक्या वर येताय आणि तुरिनला येणार नाही?"

"आत्या, तुरिन आमच्या वाटेवर नाही हो."

"मी मेल्यावर कबरस्तानही तुमच्या वाटेवर नसेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दुसरा फोन कोसिमोच्या चुलतभावाचा, नतालिनोचा. तो फ्लोरेन्सजवळ प्रातोला राहतो. त्याने विचारलं, की आमच्या घराला छप्पर नाही असं तुला कुणी सांगितलं का. घरात नवरा शिरला तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

इटलीच्या दक्षिण टोकाला, आमच्या कालाब्रियातल्या प्रत्येक घरातलं निम्मं माणूस कामासाठी उत्तरेला गेलेलं आहे. त्यामुळे आमच्यातलं कोणी वर निघालं की ते प्रवासी राहत नाही, टपाल होतं. तेल न्या, सॉसेज न्या, निरोप न्या, आणि प्रत्येकाच्या घरी मुक्काम करा. कुणाच्या गावावरून गेलात आणि त्यांच्या दारात गेला नाहीत, तर भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं धरतात. पुढच्या दोन पिढ्या तो विषय पुरवतात.

आणि मला नेमकं तेच नको होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात माझी उमेदीची वर्षं गेली. पास्त्याची पातेली ढवळून उजवा खांदा कामातून गेला. तिथून घरी यायचं ते पुन्हा चुलीपुढेच, कारण आमच्या घरात वरच्या मजल्यावर नणंद, बाजूला चुलतसासरे, आणि सासूबाई होत्या तोवर पलीकडच्या खोलीत सासूबाई. यंदा वसंतात मी निवृत्त झाले. नेपल्सच्या वर मी एकदाच गेलेय, कोसिमोच्या हृदयाचं ऑपरेशन बोलोन्याला झालं तेव्हा. त्या शहरातलं मला काय माहीत आहे विचाराल तर इस्पितळाचा लांबच लांब व्हरांडा, मशीनमधली कडू कॉफी आणि जावेचं स्वयंपाकघर.

म्हणून ही सहल. माझी मुलगी इलेनिया दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देण्याचं काम करते, तिला असल्या गोष्टी पटापट जमतात. ती फोनवर गाड्या बघायची आणि मी चष्मा लावून शेजारी बसायचे. ती म्हणाली, लामेझियाला गाडी बदलायला अर्धा तास पुष्कळ झाला. मी म्हटलं, तू आमच्या किनाऱ्यावरची डिझेलची गाडी कधी बघितलीस का? ती वेळेवर आली तर लोक घाबरतात. दोन गाड्यांच्या मध्ये मी भरपूर वेळ ठेवायला लावला. शुक्रवारी प्रवास ठेवू दिला नाही, कारण संप करायचा तर आमचे रेल्वेवाले शुक्रवारच धरतात. हॉटेलं स्टेशनजवळची घेतली. फक्त व्हेनिसला इलेनिया म्हणाली, "आई, अलीकडे जमिनीवर, मेस्त्रेला राहा, सोयीचं पडेल." मी म्हटलं, मला सोय नको आहे. सोय मी जन्मभर केली. मला पाण्याच्या मध्यावर खोली हवी. तिने ती शोधून दिली. पैसे मी तिथल्या तिथे भरायला लावले.

रविवारी जेवण अर्ध्यावर आलं असताना माझी नणंद दोनाता खाली आली. वन्संना दार वाजवायची सवय नाही. त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, आणि मागे जिन्यात आणखी होत्या. तेलाचा डबा, वाळवलेली तिखट सॉसेजं, चीजचे गोळे, तेलात घातलेल्या वांग्यांच्या बरण्या. प्रत्येक पिशवीला चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

"हे नतालिनोचं. हे आत्याचं. हे मोठं आहे ते सावेरिओचं," त्या म्हणाल्या. सावेरिओ हा माझा दीर, बोलोन्याचा. "तेलाचा डबा उभाच ठेव हं. आडवा केलास तर सगळ्या कपड्यांची वाट लागेल."

"वन्सं, निघायला अजून दोन महिने आहेत. आणि मी चाकांची एकच छोटी बॅग नेणार आहे."

"मग कोसिमो नेईल."

"त्याला डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय."

"मग तू ने." त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी माझ्या टोपलीतला पाव तोडला. "मी सगळ्यांशी बोलून नीट लावून दिलंय. फ्लोरेन्सच्या स्टेशनवर नतालिनो गाडी घेऊन येईल. दोन दिवस प्रातोला. तिथून बोलोन्या, तिथे चार दिवस, निवेसने रजा टाकलीय. मग तुरिन. आत्याला तुझ्या हातची भरली वांगी खायचीत, मी कबूल केलंय."

"आणि व्हेनिस?"

"व्हेनिस काढलं."

"काढलं म्हणजे?"

"अगं, तिथे आपलं कोणी नाही. अनोळखी गावात जाऊन काय करणार तुम्ही? जेवणार कुणाकडे?"

मी कोसिमोकडे बघितलं. तो पीच सोलत होता, मान खाली घालून, जणू त्या पीचचंही ऑपरेशन चाललं होतं. "तसं बघितलं तर ताई म्हणते तेही..." एवढंच बोलला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हॉटेलात जेवणार," मी म्हटलं. "वेटर वाढणार आणि मी बसणार. मीठ आणायलासुद्धा उठणार नाही. कुणाची वांगी भरायची असतील तर त्यांनी स्वतः भरावीत. आणि माझ्या सहलीतलं गाव काढणाऱ्या तुम्ही कोण?"

"शोभतं का हे बोलणं?" वन्सं शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की मला जास्त चीड येते. "याच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर कुणाच्या घरी राहिलात? तेव्हा बरं नाही हॉटेल आठवलं."

ते खरं होतं. सावेरिओ आणि निवेसनी आम्हाला स्वतःची खोली दिली होती आणि ती दोघं बाहेर सोफ्यावर झोपली होती. वन्सं उठल्या, पिशव्या तिथेच ठेवून वर गेल्या. माझ्या स्वयंपाकघराला डुकराच्या चरबीचा आणि मिरचीचा वास मारायला लागला.

"सावेरिओच्या गावात उतरायचं आणि मी हॉटेलात झोपू?" कोसिमो म्हणाला. "मग त्याला काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव. दुसरं कुठून आणणार आहेस?"

त्या दिवशी मी भांडी आपटून आपटून घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोसिमो बाहेर पडल्यावर मी थेट निवेसला फोन लावला. म्हटलं, वाईट दिसायचंच तर मध्यस्थ कशाला, मीच तोंडावर सांगते. निवेस बोलोन्याचीच, इस्पितळात रात्रपाळीची नर्स, बोलणं मोजकं. जावा असून आम्ही नाताळ आणि ईस्टर सोडून कधी बोलत नाही.

"निवेस, आम्ही तुमच्याकडे येत नाही आहोत," मी सांगितलं. "गाडी बोलोन्याला थांबेल, हॉटेलात राहू, शहर बघू आणि पुढे जाऊ. राग आला तर येऊ दे."

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"तू येतेस हे तरी मला कुणी विचारलं होतं का?" ती म्हणाली. "दोनाताने सावेरिओला सांगितलं, सावेरिओने मला. रजा टाक म्हणे. ती रजा मी स्वतःसाठी ठेवली होती, तेक्ला. दरवर्षी ती चादरी बदलण्यात जाते. तुमच्याकडचं कोणी तपासणीला येतं, कोणाचं पोरगं परीक्षेला येतं, कोणी नुसतंच येतं. माझ्या फ्रीजमध्ये सॉसेज सोडून काही ठेवायला जागा नाही. मला तर सॉसेज आवडतही नाही."

मला झोंबलं. खोटं कशाला सांगू, मीच यायला नाही म्हणत होते, तरी झोंबलं. "मग महिनाभर आम्ही राहिलो तेव्हाच सांगायचंस," मी म्हटलं.

"वेडी आहेस का तू? ते आजारपण होतं. तीन महिने राहिली असतीस तरी मी हूं का चूं केलं नसतं. पण आता तू सहलीला निघालीस ना? सहलीला माणसं हॉटेलात जातात. जा की हॉटेलात, बाई."

मी हसायला लागले, आणि मग तीही. तिला म्हटलं, आमच्याबरोबर व्हेनिसला चल. ती म्हणाली, "नको. मी घरी गाऊन घालून बसणार आणि कुणालाही दार उघडणार नाही."

पण प्रश्न राहिलाच. सावेरिओला काय सांगायचं, आणि दोनाताला काय? तोड मीच काढली. आमच्यात दारावरून जाऊन आत न शिरण्याची परवानगी फक्त एकाच कारणाने मिळते, ते म्हणजे भांडण. ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांच्याकडे जायचं नसतं, हे सगळ्यांना मान्य आहे. तेव्हा मी आणि निवेस फोनवर कडाकडा भांडलो, असं सगळ्यांना सांगायचं दोघींचं ठरलं. ती मला लोचट म्हणाली, मी तिला चेंगट म्हटलं. नाताळपर्यंत अबोला.

दुपारी वन्सं पिशव्यांचं काय केलं ते बघायला उतरल्या, तेव्हा मी कोसिमोच्या देखत सगळं सांगितलं. माझं तोंड रागाने लाल व्हायला फार कष्ट पडले नाहीत.

"आपल्या तेलावर एवढी वर्षं पोसली ती," वन्सं म्हणाल्या, "आणि आता एवढा माज?" त्यांनी सावेरिओची पिशवी उचलली आणि जिना चढून गेल्या. दर पायरीवर निवेसच्या नावाने एक शिवी ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं, जिंकले.

कोसिमो मात्र बसून राहिला. मग म्हणाला, "भांडण तुमचं आहे. तो माझा भाऊ आहे. मी बोलोन्याला उतरून त्याच्याकडे राहतो. तू हो पुढे व्हेनिसला. येताना मला घे."

जणू तो दुकानात विसरलेली छत्री होता, असं बोलला. येताना घे.

इतके दिवस मी वन्संवर चिडले होते, आत्यांवर, नतालिनोवर. तेव्हा कळलं की हा राग त्यांच्यासाठी नव्हताच. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"कोसिमो, आपल्या लग्नापासून आपण एकदाही अशा खोलीत झोपलो नाही, जिच्या भिंतीपलीकडे तुझं कोणी नव्हतं. एकदाही नाही. आधी तुझी आई खोकायची. मग तुझी बहीण वर फरशीवर चालायची. बोलोन्याला तुझी छाती फाडून शिवली, आणि मला रडायचं होतं तर बाहेर सोफ्यावर तुझा भाऊ. उशी तोंडात कोंबून रडले मी. व्हेनिसला आपलं कोणी नाही म्हणूनच मी ते गाव निवडलं. तिथे मी एकटी जाऊन काय करू? भिंती बघू?"

त्याने कधी कोणाला नाही म्हटलेलं नाही. न्हाव्यालासुद्धा नाही, तो कान कापतो तरी. मग त्याने टेबलावरचा फोन ओढला आणि सावेरिओला लावला. फोन टेबलावरच ठेवून, आवाज मोठा करून बोलला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सावेरिओ, आम्ही तुझ्याकडे येत नाही."

"ऐकलं मी," सावेरिओ म्हणाला. "बायकांचं सोड रे. त्या भांडतात आणि विसरतात. तू ये."

"त्या भांडलेल्या नाहीत. ते आपल्यासाठी केलेलं नाटक असणार, मी ओळखतो तिला." माझ्याकडे न बघता तो बोलत होता. "मी येत नाही. मला यायचं नाहीये. मला माझ्या बायकोबरोबर जायचंय."

"मी तुझ्यासाठी सोफ्यावर झोपलो, कोसिमो."

"हो. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दर वेळी त्याची परतफेड म्हणून मी तुझ्या टेबलाशी येऊन बसू शकत नाही. मला कंटाळा आलाय रे. तुझा नाही. सगळ्यांचा, तू धरून."

पलीकडे सावेरिओ एवढंच म्हणाला, "बरं." तो शब्द त्याने असा उच्चारला की मला वाटलं आता कोसिमो माघार घेईल. मग फोन बंद झाल्याचा आवाज आला.

निवेसशी माझं भांडण खोटं होतं. हे खरं होतं. नाताळला मिटणार नाही, कदाचित कधीच मिटणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं. कोसिमोचा चेहरा पांढरा पडला होता. "झालं तुझ्या मनासारखं?" त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात राग होता. इतक्या वर्षांत प्रथमच तो माझ्यावर नीट चिडला होता.

"झालं," मी म्हटलं.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने तो झटकला नाही. व्हेनिसची खोली मी रद्द केली नाही.