म्हातारबांचं रिकामं वर्तुळ

मित्रांनो, मी वीतभर लांबीची एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. माझा एक कोपरा वाकलाय, आकडेही पुसट झालेत. पण खोटं बोलणं मला अजून जमलेलं नाही.

माझं लहानपण नेपाळातल्या पाटणच्या एका गल्लीत, मंगलरत्न शाक्यांच्या मूर्तिशाळेत गेलं. मेणाची तारादेवी घडवताना ते तिचं कपाळ, नाक, हनुवटी माझ्याकडून मापून घेत. शेजारी बसलेल्या लेकीला, चिरीमायाला म्हणत, "पोरी, आपल्या हातच्या मूर्तीवर आपली माया बसते. डोळा लाडावतो. म्हणून पट्टीला विचारायचं."

चिरीमायाला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा तिच्या बांनी मला तिच्या पिशवीत घातलं. "देव मापलेत हिनं. जप हिला."

तिथे मापायचं काय, तर रिकामी जागा! तापाने फणफणलेल्या माणसाचं रक्त बाटलीत घालून उबेला ठेवायचं. त्यात जंतू वाढले की काचेच्या बशीतल्या थिजलेल्या खळीवर ते पसरायचे आणि वर औषधांत भिजवलेल्या कागदाच्या इवल्या चकत्या मांडायच्या. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली असे. पण जे औषध लागू पडणार, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलेलं दिसे. चिरीमाया बंद बशी उपडी करी, मला तिच्या पाठीला टेकवी आणि ते वर्तुळ मापी. जंतू चकतीला खेटून वाढले असतील, तर ते औषध गेलं म्हणायचं.

विषमज्वराचं एक जुनं औषध असंच गेलं होतं. त्याला सगळे 'म्हातारबा' म्हणत. मग नव्या गोळ्या आल्या. काय ते त्यांचं वर्तुळ! डॉक्टर माझं कौतुक करत, जणू ते मीच काढलं होतं. पण लोक साध्या सर्दीलाही दुकानातून त्यातल्या दोन गोळ्या घेऊ लागले. बरं वाटलं की उरलेल्या फळीवर. वर्षागणिक ते वर्तुळ माझ्या अंगावरून मागे मागे सरकत गेलं. मला फार वाईट वाटे, मित्रांनो. पण दिसेल तेच सांगायचं, एवढंच माझ्या हाती.

पुढे मापायला यंत्र आलं आणि माझी रवानगी खणात झाली. यंत्राला म्हातारबा ठाऊकच नव्हते. तरी चिरीमाया त्यांची चकती लावू पाही, तर सोबतचा सुजन हसे. "दिदी, गेलेल्या माणसाला रोज काय हाका मारायच्या?" हळूहळू तीही थांबली. एक नेम मात्र तिने सोडला नाही. पहाटे बहालात, म्हणजे गल्लीतल्या विहाराच्या चौकात, दिवा लावून ती कामावर येई आणि कुणाच्याही रक्तात सापडलेला जंतू इवल्या नळीत घालून गोठणपेटीत निजवून ठेवी. "असू दे. कधीतरी विचारावं लागेल यांना."

आणि तसंच झालं. इस्पितळाच्या उपाहारगृहात सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाची गोल कडी, तळणाऱ्या साहिंली दिदीची लेक फूलमाया तापाने पडली. नव्या गोळ्यांना तिचा जंतू दाद देईना. दुसऱ्या औषधाची सुई दिली, तर अंगभर पुरळ उठलं, श्वास कोंडला. ती थांबवावी लागली. पोरीचा डोळा उघडेना. साहिंली दिदी प्रयोगशाळेच्या दारातच बसून राहिली.

डॉक्टर खतिवडा, आमचे डाक्साब, आत आले. "चिरीमाया, म्हातारबांना विचारलंस?"

"ते तर गेले, डाक्साब."

"मीही तेच धरून चाललोय. पण विचारलं कधी होतं शेवटचं?"

तिला आठवेना. तिने चकत्या मागवल्या. फूलमायाच्या जंतूची बशी मांडली आणि गोठणपेटीत निजलेल्या जुन्या जंतूंनाही जागं करून त्यांच्या बशा मांडल्या. दुसऱ्या दिवशी तिने फूलमायाची बशी आधी उचलली. म्हातारबांभोवती भलंमोठं वर्तुळ होतं!

"दिदी, दिसलं ना? सांगा की डाक्साबांना!" सुजन ओरडला.

"थांब रे. पोर आपली आहे. डोळा लाडावेल." तिने खण उघडला, दोऱ्यांच्या गुंत्यातून मला काढलं, पुसलं. एका बाजूने मापलं, मग आडवं मापलं. मग जुन्या जंतूंच्या बशा. सगळीकडे तेच. ज्या औषधाला कुणी हात लावत नव्हतं, त्याच्याशी लढायचं जंतू विसरून गेले होते.

"हे औषध रक्ताला जाचू शकतं, रक्तावर रोज नजर ठेवावी लागेल," डाक्साब म्हणाले. "पण देऊ या." आणि धावतच वॉर्डात गेले.

"केवढं गं वर्तुळ?" दारातून साहिंली दिदीने विचारलं.

"तुझ्या सेलरोटीच्या मधल्या पोकळ पोटाएवढं." चिरीमायाने दोन्ही हातांची बोटं जुळवून मोठा गोल दाखवला.

"खोटं! माझ्या सेलचं पोट एवढं मोठं नसतं," ती म्हणाली आणि तेव्हा कुठे रडली.

हळूहळू ताप उतरला. फूलमाया भिंत धरून उपाहारगृहात आली, त्या दिवशी दिदीने टोपलीभर सेल तळले. "आण तुझी पट्टी, पोट मापूनच टाकू!"

"दूर हो! जंतूंच्या घरची आहे ती!" चिरीमायाने मला पदराआड धरलं आणि सगळे पोट धरून हसले.

आता रक्तातल्या प्रत्येक जंतूच्या बशीत म्हातारबांना मानाची जागा आहे आणि त्यांना विचारणारी मी आहे. मित्रांनो, त्यांचं वर्तुळ परत आलंय, पण ते मागेही सरकू शकतं. दुकानातून मनानेच औषध आणू नका, डॉक्टरांनी दिलेलं अर्ध्यात टाकू नका. त्यांच्या चकतीभोवती आज जंतू नसलेली जागा आहे. ती रिकामीच राहू द्या. त्या रिकामपणातच कुणाची तरी फूलमाया वाचते.