इसिल्डा ओळ देते

नोव्हलेटने आवाज आणखी थोडा अलीकडे ओढला आणि तेच दृश्य पुन्हा लावलं. पडद्यावरच्या बाईने डोक्याला पांढरं फडकं बांधलं होतं. तिचे ओठ हलले, मिटले, आणि मग गाणं आलं. ओठ मिटल्यावर.

"तुझं यंत्र आमच्या ब्रदर सेफससारखं आहे," मागच्या स्टुलावरून म्हातारे मास युस्टस म्हणाले. "सगळ्यांचं आमेन झालं की ह्याचं सुरू."

"ब्रदर सेफस निदान पोचतात तरी," नोव्हलेट म्हणाली. "हे तर वाटेतच बसलंय."

म्हातारा हसला. हॅट गुडघ्यावर ठेवून तिची कड बोटांनी फिरवत राहिला. चार मर्तिकं पाहिलेला काळा कोट अंगात होता, आणि भर दुपारी तो काढायची त्याची तयारी नव्हती.

इसिल्डा, त्यांची बायको, जाऊन उद्या नववी रात्र. अंगणात ताडपत्री ताणली जाणार, मासे तळले जाणार, पाव आणि कॉफी फिरणार, आणि सगळा गाव उजाडेपर्यंत भजनं म्हणत तिला पोचवणार. मास युस्टसना एवढंच हवं होतं, की त्या रात्रीची पहिली ओळ इसिल्डानेच द्यावी.

देवळात ती जन्मभर तेच करत आली होती. तिथे भजनाचं पुस्तक सगळ्यांकडे नसे, आणि असलं तरी सगळ्यांना वाचता येत नसे. म्हणून एकाने ओळ आधी भरभर, बोलल्यासारखी सांगायची, आणि मग मंडळींनी ती लांबवून, घोळवून गायची. आता भजनं पोराटोरांनाही पाठ आहेत, पण रीत तीच. ओळ मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पास्टरचं प्रवचन रंगत रंगत बोलण्यातून गाण्यात शिरायचं, बाकांवरून झील उठायची, आणि नेमक्या त्या क्षणी इसिल्डाचा आवाज पुढची ओळ टाकायचा. नारळ खवताना येतो तसा, खरखरीत आणि कोरडा. देवळातली माईक-स्पीकरची पेटी नोव्हलेट सांभाळायची. मिस इसिल्डांना माईक लागत नाही, हे तिला पहिल्याच रविवारी कळलं होतं.

मात्र तो आवाज कोणी कधी धरून ठेवला नव्हता. होता तो एवढ्या एका सिनेमात. युस्टस आणि इसिल्डाचं नवं नवं लग्न झालेलं असताना परदेशी सिनेमा कंपनीने गावात येऊन देवळातलं एक दृश्य घेतलं होतं. पुढे त्याची व्हिडिओ कॅसेट गावभर फिरली, इतकी की शेवटी चित्रात नुसती मुंग्यांची रांग दिसायची. आता बर्मिंगहॅमच्या भाचीने त्याच सिनेमाची नवी, लख्ख चित्राची डिस्क पाठवली होती. गावात ती चालवणारं यंत्र दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. देवळाच्या प्रोजेक्टरला पेन ड्राइव्ह तेवढा कळायचा. म्हणून डिस्क नोव्हलेटच्या दुकानात आली होती, कॉपी करायला.

पहिल्या कॉपीत बाईचा आवाज आलाच नाही. मंडळी गात होती, पंखे फडफडत होते, आणि इसिल्डा मुकी.

"डिस्कमध्ये आवाज वेगवेगळ्या वाटांनी येतो," नोव्हलेटने तेव्हा समजावलं होतं. "डावीकडची वाट, उजवीकडची वाट, आणि बोलणाऱ्या-गाणाऱ्या माणसाची मधली वाट. देवळात दोनच स्पीकर. मधलीला तिथे जागाच नाही."

"म्हणजे ती उभीच राहिली का?"

"बसवते मी तिला दोघांच्या मध्ये."

बसवली होती. आवाज आला, स्वच्छ आला, तरुणपणी असाच गोड असेल असं नोव्हलेटला वाटलं, पण ओठांशी जुळेना.

दारात देवळातल्याच सिस्टर पर्लीन उभ्या राहिल्या. एका हातात छत्री, दुसऱ्यात पावांची पिशवी. "युस्टस, ताडपत्रीवाले येऊन बसलेत. खांब कुठे रोवायचे म्हणून विचारतायत. मी म्हटलं, माझ्या डोक्यावर रोवा."

"तिथे जमीन कठीण आहे," म्हणत मास युस्टस उठले, आणि हॅट डोक्यावर ठेवून रस्ता ओलांडून गेले.

सिस्टर पर्लीन त्यांच्याच स्टुलावर टेकल्या. पडद्याकडे बघून त्यांनी छत्रीचं टोक रोखलं. "ती बघ, तिसऱ्या बाकावर मी. झाडूची काडी नुसती! आता त्या बाकावर मी एकटीच मावते."

नोव्हलेटने आवाज अजून अलीकडे ओढला. आता गाणं बरोबर इसिल्डाच्या ओठांवर सुरू झालं. क्षणभर तिला बरं वाटलं. पण मागची सगळी मंडळी तोंडं मिटून बसली होती, आणि त्यांचं गाणं मात्र चालू होतं. इसिल्डाचे ओठ चटकन मिटले. आवाज लांबत राहिला. नोव्हलेटने सगळं परत मूळ जागी नेलं. मंडळींचे ओठ काट्यावर काटा ठेवल्यासारखे जुळले. इसिल्डाचे तेवढे आधी हलले, घाईघाईने, सपाट, आणि ती थांबून इतरांच्या तोंडाकडे बघू लागली.

इसिल्डा गात नव्हतीच. ती ओळ देत होती.

नोव्हलेटने कानाला हेडफोन लावले आणि बाकीच्या वाटा बंद करून एकटी मधली ऐकली. गोड, गोल, तयारीचा आवाज. त्यात पंखा नव्हता, कोणाचा खोकला नव्हता, बाकाची करकर नव्हती. कुठल्यातरी बंद खोलीत उभं राहून कोणीतरी गायलं होतं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बराच वेळ ती त्यांची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

"सिस्टर पर्लीन, हा आवाज मिस इसिल्डांचा नाही."

पर्लीननी पिशवीतले पाव उगाच खालीवर केले. "हळू बोल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी जे बाकांवर होते त्या सगळ्यांना. त्यातली आता मीच उरले. कंपनीला तो खरवडल्यासारखा आवाज नको होता, दुसऱ्याच बाईकडून गाऊन घेतलेलं. पोर्ट अँटोनिओच्या थिएटरात बसलो तेव्हा कळलं आम्हाला. युस्टसने सगळ्यांची तिकिटं काढलेली, भाड्याने ट्रक केलेला. बाहेर आला तो आनंदाने ढसाढसा रडत. इसिल्डाने आम्हाला एकेकीला कोपऱ्यात घेऊन शपथ घातली. म्हणाली, त्याच्या तोंडचा घास कोणी काढू नका." त्यांनी पदरासारखा गळ्यातला रुमाल ओढून नाक पुसलं. "आणि त्या कॅसेटीत तोंड कुठे दिसायचं गं कोणाचं! तुझ्या ह्या मेल्या डिस्कने ओठ दाखवले."

"मग उद्या?"

"उद्या लाव तसंच. मागचं जुळलंय ना? बस झालं. रात्रीच्या वेळी रम प्यालेली माणसं ओठ मोजत नाहीत."

"आणि मास युस्टस?"

पर्लीननी दाराकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे खांब ठोकल्याचा आवाज येत होता. तो थांबला, आणि थोड्या वेळाने मास युस्टस बुटांची माती पायरीवर घासत आत आले. पर्लीन उठू लागल्या तेव्हा त्यांनी हाताने बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"जुळलं का गं पोरी?"

"कॉपीत दोष नाही, मास युस्टस." नोव्हलेट पडद्याकडे बघत बोलली. "डिस्कमध्येच... तसं आहे ते."

त्यांनी हॅट काढली. आतला घामाचा पट्टा बोटाने पुसला. "मघाशी म्हणालीस ती मधली वाट. बाईचा आवाज आहे ती. बंद करता येते?"

"अरे, मग आवाज जाईल की!" पर्लीन घाईने म्हणाल्या.

"जाऊ दे. त्या बाईला तरी आणखी किती वर्षं उभी ठेवायची आपण."

पर्लीनच्या मांडीवरून पावाची पिशवी घसरली. ती त्यांनी उचलली नाही.

"कधीपासून, युस्टस?"

"कधीपासून काय? बायको होती माझी." ते थोडं हसले. "थिएटरातून बाहेर पडलो तर अनोळखी लोक तिचा हात धरून वाहवा करतायत, आणि ती त्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघतेय. चेहरा असा, की आता ह्याला कळलं तर काय. मला काही सुचेना. रडलो."

"आणि तिला कधी बोलला नाहीस?"

"ती बोलेल म्हणून थांबलो." हॅटची कड पुन्हा फिरू लागली. "बोलली नाही."



नोव्हलेटने मधली वाट बंद केली. तिला वाटलं होतं काहीतरी तुटल्यासारखं ऐकू येईल. तसं झालं नाही. पंखे फडफडले. कोणीतरी पाय ओढले. लांबवर समुद्र होता. पडद्यावर इसिल्डाने मान किंचित वर केली, तिचे ओठ भरभर हलले, आणि ती थांबली.

मास युस्टसनी छातीभर श्वास घेतलेला नोव्हलेटला दिसला. खांदे वर गेले, तोंड उघडलं. सिस्टर पर्लीनही सवयीने ताठ झाल्या. पडद्यातली मंडळी गायला लागली, मधोमध भोक पडल्यासारखी. ओळ न मिळालेले दुकानातले दोघे तसेच राहिले. म्हाताऱ्याचा श्वास हळूहळू खाली आला.

नोव्हलेटने चित्र थांबवलं. "मास युस्टस, उद्या काय लावू?"

भिंत सोडून ते टेबलापर्यंत आले, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि पडद्यावरच्या तिच्या ओठांशी वाकले, इतके जवळ की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. त्यांनी ती कोटाच्या बाहीने पुसली.

"पुन्हा लाव बघू," ते म्हणाले. "काय म्हणते ते मला कळू दे."