मुरणारा उत्प्रेरक

आठवड्यात तिसऱ्यांदा तोच आलेख आला, तेव्हा करुणा मोकळेच्या अंगाची आग झाली.

पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनम उत्तम, पण महाग. त्याच्या जागी निकेल-मॉलिब्डेनमचा स्वस्त उत्प्रेरक बनवण्यात तिची चार वर्षं गेली होती. वापरावा तसा तो सुधारत जायचा. तिचे मार्गदर्शक काळवणे सर कौतुकानं म्हणत, "लोणच्यासारखा मुरतोय!" त्यावरचा शोधनिबंध छापायला गेला होता, पहिलं नाव करुणाचं. आज बिडकीनच्या एका कंपनीची माणसं उत्प्रेरक बघायला येणार होती.

पण धातू कसा मुरेल? या शंकेनं तिनं चाचणीच्या आम्लात समोरच्या टोकाला असलेली प्लॅटिनमची तार काढून ग्राफाइटची कांडी लावली होती. सुधारणा गायब, आलेख तिन्ही वेळा सपाट. म्हणजे तारेतलं प्लॅटिनम आम्लात विरघळून कणाकणानं तिच्या उत्प्रेरकावर बसत होतं.

"ताई, ती तार सीनियर लोकांपासून चालत आलीय," सोबतचा ऋतुराज म्हणाला. "कुणालाच डाउट नाय आला."

"मला तरी कुठं आला? आठ महिने रीडिंग मीच घेतलं ना!"

सर आले. त्यांनी आलेख पाहिला, घडी घालून खिशात टाकला.

"पाहुणे जाऊ दे, मग बघू."

"सर, निबंध परत घ्यावा लागेल."

"मांडवात कुणी नवरीची खोट काढतं का गं? आणि तुझ्या प्रबंधावर सही कुणाची लागते, ठाऊक आहे ना?"

तिची कानशिलं तापली. चूक दोघांची होती, त्याबद्दल तिनं सरांना एका शब्दानं दोष दिला नसता. पण ही धमकी?

तीन वाजता पाहुणे आले. सरांनी 'मुरलेला' तुकडा पुढं केला. करुणानं मात्र ग्राफाइटसमोर हजार वेळा चालवून पाहिलेला तुकडा उचलला आणि समोर कांडीच लावली. बुडबुडे रेंगाळत निघाले.

कंपनीच्या इंजिनियर विशाखा मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "फाइलमध्ये तर याच्या चौपट करंट आहे."

"तो प्लॅटिनमचा होता, मॅडम. आमच्याच तारेतून सुटलेल्या. खरा आकडा हा."

"कनेक्शन लूज असेल," सर हसले.

"पक्कं आहे, सर. ओढून बघा."

कुणी ओढलं नाही. "कळवतो," म्हणत मंडळी चहा न घेताच गेली.

"गाईड बदलायचा अर्ज कर. आजच्या आज," सर म्हणाले.

"करते. आधी संपादकांना मेल. तुम्हाला कॉपी येईलच."

तिनं संगणक उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. सर बघत उभे होते. तिनं तो पुन्हा टाकला.