परातीला करपा

मी परात बोलतेय. स्टीलची, सतरा इंची, काठावर टिंबाटिंबांनी मजकूर घातलेली: 'चि. रविंद्र यास लग्नात मामाकडून'. भांड्याने आपला मोठेपणा सांगू नये म्हणतात. पण संगणकशास्त्र विभागात पुण्याच्या साहेबांपुढे मांडलेली परात या तालुक्यात तरी माझ्याशिवाय दुसरी नाही. आणि तीही रिकामी. कसं ते सांगते.

बारामतीच्या भांड्यांच्या दुकानातून मी कन्हेरीला आले ती अक्काबाईच्या हाताखाली. अक्काबाई म्हणजे रविंद्रची आई. मामाने दिलं भाच्याला, पण पहिल्या दिवसापासून मालकी हिची. रोज सकाळी बाजरीचं पीठ, ऊन पाणी आणि तिच्या तळहाताची दणकट रगड. वीस वर्षं मला दुसरं जग ठाऊक नव्हतं आणि नकोही होतं. मग एकदा पाण्याच्या टाकीवरून पडले, बुडाला पोचा आला, पीठ एका बाजूला पळायला लागलं. घरात नवी परात आली आणि माझी बदली टोमॅटोच्या प्लॉटवर झाली. बदलीचं वाईट वाटून घेऊ नये, असं नोकरदार माणसं म्हणतात. मी घेतलं.

प्लॉटवर अक्काबाईचे दोन कायदे. चांगलं पान तोडायचं नाही, आणि रोगाचं पान भुईला टेकवायचं नाही. "त्यो करपा हाय. हितं पडला की वावरभर पसरतुया," असं म्हणत ती डागाचं प्रत्येक पान खुडून माझ्यात टाकायची आणि तशीच नेऊन चुलीत घालायची. भाकरीचं भांडं रोग्यांची डोली झालं, दुसरं काय!

रविंद्रची मुलगी मेघना बारामतीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने प्रकल्प घेतला: टोमॅटोच्या पानाचा फोटो काढायचा आणि करपा आहे की नाही ते मशीनने सांगायचं. त्यासाठी मशीनला आधी हजारो फोटो दाखवावे लागतात, लहान लेकराला चिऊ-काऊ दाखवतात तसे. मेघनाने दोन हजार निरोगी पानं टिपली, जागच्या जागी, झाडावर. आजीचा कायदा मोडायची तिची काय छाती! आणि करप्याची दोन हजार पानं टिपली, ती जिथं होती तिथं. म्हणजे माझ्यात.

तुमच्या लक्षात आलं असेल. विभागात कुणाच्याही आलं नाही.

निकाल आला अठ्ठ्याण्णव टक्के. मेघनाच्या गाइड वृषाली मॅडम कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांनी सगळ्या लॅबला चहा पाजला. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतले महिपती सर परीक्षक म्हणून यायचे होते. संस्थेत जागा एकच होती आणि ती याच वर्गातल्या कुणाला तरी द्यायची होती. मेघनालाच मिळणार, हे कॅन्टीनवाल्यालाही माहीत होतं. तिने मैत्रिणींकडे पुण्यातल्या खोलीची चौकशीसुद्धा केली होती. प्रात्यक्षिकाला खरी रोगट पानं लागणार, ती न्यायची कशात? आदल्या दिवशी मी एसटीत बसले.

लॅब म्हणजे मोठी गमतीची जागा. चपला देवळासारख्या बाहेर काढतात आणि आत जाऊन मशीनला शिव्या देतात. एसी मशीनसाठी, माणसं स्वेटर घालून. जो तो "रन होतंय" म्हणतो आणि चहाला निघून जातो. चुलीवर काही टाकून कुणी असं गेलं तर अक्काबाई उलथणं फेकून मारील.

त्याच दिवशी मेघनाच्या शेजारच्या खुर्चीवरच्या दिग्विजयचा वाढदिवस निघाला. सणसरचं पोरगं, हुशार, पण भारी उतावळं. भेळ आणली, कालवायला भांडं नाही. मी होतेच. मेघनाने पानं कागदावर काढून ठेवली, मला तीनदा घासलं, आणि भेळ माझ्यात पडली. वर मेघनाच्या मशीनचा कॅमेरा चालूच राहिला होता. पडद्यावर अक्षरं आली: करपा, सत्त्याण्णव टक्के.

"आयला, भेळीला करपा!" दिग्विजय खुर्चीवरून पडायचाच राहिला. पोरं पोट धरून हसली.

मेघना हसली नाही. तिने भेळ कागदावर ओतली, मला पुसलं आणि रिकामीच कॅमेऱ्यापुढे धरली. करपा, नव्व्याण्णव टक्के. मग करप्याचं खरं पान नुसतं टेबलावर ठेवलं. निरोगी.

म्हणजे मशीनने पान कधी बघितलंच नव्हतं. ज्याच्याखाली मी, ते रोगट. बाकी सगळं ठणठणीत. वीस वर्षं या घराच्या भाकरीचं पीठ अंगावर मळून घेतलं, आणि शास्त्राने निदान केलं की रोग तो मीच.

"उद्या परातीतच दाखव की पान," दिग्विजय हळूच म्हणाला. "अठ्ठ्याण्णव येणारच. कुणाला कळतंय?"

खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, दाखव बाई. जागा एकच आहे. मेघना बराच वेळ माझ्या काठावरची टिंबं बोटाने चाचपत बसली. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने घाईघाईने घरी फोन लावला. हे मशीन तिने आजीच्या मोबाईलवरही घालून दिलं होतं.

"आजी, तू प्लॉट बघितलास का मोबाईलवर?"

"बघितला की. समदं चांगलं हाय म्हणतुया. म्हणून फवारणी थांबवली."

"आणि तुला काय दिसतंय?"

पलीकडून पानं चाळल्याची सळसळ आली.

"काळं ठिपकं दिसत्यात. पर माझ्या डोळ्याचं काय खरं, बाय? तुझ्या मशीनला जास्ती कळतंय. तू एवढी शिकल्याली."

मेघनाला रडू फुटलं. "आजी, तुझंच खरं आहे. फवारणी कर. आत्ताच कर!"

दुसऱ्या दिवशी तिने मला रिकामीच टेबलावर मांडलं. महिपती सरांनी वाकून बघितलं.

"यात काय आहे?"

"काही नाही, सर."

पडदा म्हणाला, करपा.

"माझ्या मशीनला परात ओळखता येते, सर. टोमॅटो येत नाही." आणि तिने सगळं सांगितलं, आजीच्या दोन्ही कायद्यांसकट. वृषाली मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. चहा त्यांनीच पाजला होता.

"मग खरे टक्के किती?"

"बावन्न."

"नाणं उडवलं तरी पन्नास येतात."

"हो सर. वरचे दोन माझे."

सर हसले नाहीत. जागा दिग्विजयला मिळाली. त्याचं मशीन तोंड बघून हजेरी लावतं. आठवडाभर त्याला मेघनापुढे मान वर करवेना. मेघनाने मला उचललं आणि स्टँडपर्यंत पोटाशी धरून नेलं.

कन्हेरीत आठ सऱ्या गेल्या होत्या, बाकीचा प्लॉट वाचला. अक्काबाईने त्या आठ सऱ्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. वृषाली मॅडमनी सहा महिने वाढवून दिले: फोटो सगळे नव्याने. रोगट पानं झाडावरचीही हवीत, आणि निरोगी पानं परातीतलीही.

हे दुसरं आजीला सांगायचं कसं? मेघना मला घेऊन बांधावर नुसती उभी राहिली. "आजी," ती खाली बघत म्हणाली, "चांगली पानं तोडावी लागतील."

अक्काबाई सरीत उतरली, दोन-तीन झाडं चाचपली आणि एक हिरवंगार, टवटवीत पान देठापासून अलगद खुडलं. त्या बाईला चांगलं पान तोडताना मी पहिल्यांदा बघत होते. तिने ते आणून माझ्यात ठेवलं.

"ह्ये घे. समदी मीच तोडणार. तुमी पोरं झाडाला दुखवता."

पान घसरत पोच्यात जाऊन बसलं. मला फार बरं वाटलं, सांगून टाकते.

आता मशीन त्र्याऐंशी टक्क्यांवर आहे आणि मेघना त्याच विभागात पीएच.डी. करतेय. अक्काबाई आधी आपल्या डोळ्यांनी प्लॉट बघते, मग मोबाईलने, आणि दोघांचं पटलं नाही तर मेघनाला फोन करून मोबाईलची तक्रार सांगते. विभागाला मी हवी होते, नव्या पोरांना दाखवायला. पण अक्काबाईचा निरोप गेला, "परात माझी हाय." मी घरी आले. पोचा आहेच, पीठ पळतं, ती हाताने वळवून आणते.

मशीनला शिकवणाऱ्यांनो, भांड्याचं एवढंच मागणं आहे. पानाखाली काय ठेवलंय, तेही बघत चला. आणि म्हाताऱ्या माणसाला मशीन देताना त्याच्या डोळ्यांना कमी लेखू नका.

गेल्या रविवारी अक्काबाई पीठ मळत होती. मेघनाने मागून येऊन माझ्यावर मोबाईल धरला. मी श्वास रोखला, परातीला जमेल तेवढा. मोबाईल म्हणाला, पान दिसत नाही.

"कसं दिसंल?" अक्काबाई मान वर न करता म्हणाली. "पीठ हाय त्ये."